बॅटरीचे आरोग्य आणि छेदातला आकडा

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांचा एखादा व्हॉट्सॲप गट काही महिने वाचला, तर एक प्रकार वारंवार दिसतो. कोणीतरी चार्जिंगच्या पावतीचे छायाचित्र टाकतो, खाली भागाकार मांडतो आणि आपल्या बॅटरीचे आरोग्य १०३ टक्के असल्याचे जाहीर करतो. त्याच संध्याकाळी त्याच मॉडेलचा दुसरा मालक तोच भागाकार करून ८८ टक्क्यांवर येतो आणि काळजीत पडतो. दोघांच्या गाड्या साधारण एकाच वयाच्या असतात, धावही फारशी वेगळी नसते. अशा वेळी चर्चा बहुतेकदा चार्जरच्या मीटरवर येऊन थांबते. माझ्या मते संशय घ्यायचा तो अंशातल्या युनिटांवर नव्हे, छेदातल्या टक्क्यांवर.

भागाकार अगदी सोपा आहे. बॅटरीत किती युनिट वीज गेली ते मोजायचे, त्या काळात पडद्यावरचे टक्के कितीने वाढले ते पाहायचे, पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. म्हणजे शून्यापासून शंभरापर्यंत बॅटरीत किती ऊर्जा मावते ते कळते. त्या आकड्याची नव्या बॅटरीच्या क्षमतेशी तुलना केली की आरोग्य टक्क्यांत मिळते. माझ्याकडे २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या पिढीची नेक्सॉन ईव्ही आहे. तिची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे ३०.२ युनिटांची, रसायन लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, आणि नाममात्र व्होल्टेज ३२० आहे. पुढची सगळी उदाहरणे याच आकड्यांवर बेतलेली आहेत. मात्र त्यांतली वाचने माझ्या वहीतली नसून गणित समजावे म्हणून घेतलेली गोल वाचने आहेत.

आधी अंशाकडे पाहू, कारण तिथले दोष मोठे असले तरी समजण्याजोगे आहेत. घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावली की मीटर मोजतो ती भिंतीतून निघालेली वीज. ती बॅटरीपर्यंत पोचण्याआधी गाडीतला चार्जर एसीचे डीसी करतो आणि त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतले संगणक, १२ व्होल्टची यंत्रणा आणि शीतक फिरवणारा पंप हेही वीज खात असतात. समजा, २५ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करताना चार्जिंगच्या लाइनवरच्या वेगळ्या मीटरवर, म्हणजे सबमीटरवर, २४.३ युनिट पडली. ७५ टक्क्यांना २४.३, म्हणजे शंभराला ३२.४ युनिट. आता चार्जिंगची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर बॅटरीत २८.५ युनिट गेली आणि आरोग्य ९४.४ टक्के आले. तीच कार्यक्षमता ८५ धरली तर आरोग्य ९१.२ होते आणि ९१ धरली तर ९७.६. मोजमापातला एकही आकडा न बदलता, केवळ एका अंदाजावर उत्तर सहा टक्क्यांहून अधिक हलते.

हे सहा टक्के किती मोठे आहेत, हे बॅटरी झिजण्याच्या वेगाशी ताडून पाहिले म्हणजे कळते. वाहनांच्या ताफ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांच्या माहितीवरून २०२० मध्ये वर्षाला सरासरी २.३ टक्के, तर २०२४ मध्ये नव्याने पाहणी करून १.८ टक्के घट नोंदवली होती. हे आकडे निरनिराळ्या मॉडेलांच्या आणि निरनिराळ्या हवामानांतल्या गाड्यांचे आहेत, त्यामुळे आपल्या गाडीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण झिजेचा वेग कोणत्या पट्टीतला आहे एवढे त्यांवरून नक्की कळते. कार्यक्षमतेचा एक ढोबळ अंदाज तीन वर्षांची झीज लपवू शकतो किंवा नसलेली झीज दाखवू शकतो.

त्यातही कार्यक्षमता स्थिर नसते. पंप, संगणक वगैरेंचा मिळून २५० वॉटचा भार धरला, तर ३.३ किलोवॉटने चार्ज होणाऱ्या गाडीत तो साडेसात टक्के भरतो, भिंतीवर बसवलेल्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर, म्हणजे वॉलबॉक्सवर, साडेतीन टक्के, आणि संध्याकाळी व्होल्टेज उतरल्यामुळे २.२ किलोवॉटवर रखडलेल्या चार्जिंगमध्ये अकरा टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे एकाच घरात, एकाच सॉकेटवर, रात्री आठला आणि पहाटे दोनला केलेल्या चार्जिंगचे ‘शंभर टक्क्यांना युनिट’ हे गुणोत्तर वेगळे येऊ शकते. विदर्भातल्या मेमध्ये बॅटरी थंड ठेवण्यासाठी कॉम्प्रेसर सुरू झाला, तर तोही हिशेबात शिरतो. म्हणून उन्हाळ्यातले वाचन हिवाळ्यातल्या वाचनाशेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये.

डीसी जलद चार्जरवर ही भानगड बरीच कमी होते, कारण एसीचे डीसी करण्याचे काम गाडीबाहेर होते आणि बहुतेक ठिकाणी पडद्यावर दिसणारी युनिट ही बॅटरीकडे जाणाऱ्या बाजूची असतात. पण तिथे दुसरी गोष्ट आडवी येते. बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. तो ०.१ ओहम धरला आणि २५ किलोवॉटच्या चार्जरवर सुमारे ७८ अँपिअर करंट जात असला, तर रोधामुळे जवळपास ८ व्होल्ट जास्त लावावे लागतात आणि ६०० वॉटच्या आसपास ऊर्जा थेट उष्णतेत जाते. हे झाले अडीच टक्के. घरच्या सॉकेटवर १० अँपिअरला हाच अपव्यय १० वॉट, म्हणजे नगण्य. व्हॉट्सॲपवरच्या १०३ टक्क्यांचे रहस्य काही अंशी इथेच आहे. चार्ज होताना बॅटरीतल्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज नाममात्र ३.२ व्होल्टच्या वर असते, त्यामुळे त्याच अँपिअर-तासांसाठी (करंट गुणिले वेळ) जास्त वॉट-तास (अँपिअर-तास गुणिले व्होल्टेज) मोजले जातात. ३०.२ किलोवॉट-तासांना ३२० व्होल्टने भागले की ९४.४ अँपिअर-तास येतात. हेच अँपिअर-तास सरासरी ३३० व्होल्टने भरले तर चार्जर ३१.२ युनिट दाखवेल आणि कंपनीच्या ३०.२ ने भागणाऱ्याला १०३ टक्के आरोग्य मिळेल. त्याची बॅटरी वयानुसार तरुण होत नाही. त्याने भरलेली ऊर्जा आणि परत मिळू शकणारी ऊर्जा एकच मानली, इतकेच.

यावर उपाय म्हणून काही जण ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतली निदानाची माहिती वाचण्याच्या जोडणीला, ब्लूटूथ डोंगल लावून अँपिअर-तास मोजतात. तत्त्व बरोबर आहे, कारण क्षमता मुळात अँपिअर-तासांत मोजण्याची गोष्ट आहे आणि त्यात व्होल्टेजचा हा गोंधळ शिरत नाही. मात्र याच वाटेने गेल्यावर या सगळ्या पद्धतीतला खरा तिढा समोर येतो.

पडद्यावरचे टक्के कोण ठरवते? बॅटरीची व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे बीएमएस. पेट्रोलच्या टाकीत जसा तरंगता गोळा असतो, तसे काहीही बॅटरीत नसते. किती चार्ज उरला आहे हे थेट मोजणारे साधन अस्तित्वात नाही; बीएमएस आत-बाहेर जाणाऱ्या करंटची बेरीज-वजाबाकी करते आणि त्या बेरजेला स्वतःच्या मनातल्या एकूण क्षमतेने भागून टक्के दाखवते. आता समजा बीएमएसच्या मनातली क्षमता अजून नव्या बॅटरीची, ९४.४ अँपिअर-तासच आहे, पण प्रत्यक्षात बॅटरी झिजून ८८ अँपिअर-तासांवर आली आहे. आपण २० ते ८० टक्के चार्ज केले. पडद्यावर ६० टक्के वाढायला बीएमएसच्या हिशेबाने ५६.६ अँपिअर-तास आत जावे लागतील आणि तेवढे गेले की ती ८० दाखवेल. आपण ५६.६ ला ०.६ ने भागले, उत्तर आले ९४.४. आरोग्य शंभर टक्के! वास्तविक आपण बॅटरी मोजलीच नाही. बीएमएसने जी क्षमता गृहीत धरली होती तीच तिच्याकडून परत ऐकली. अंशही तिचा आणि छेदही तिचा असल्यावर दुसरे काही निघणारच नव्हते. मधल्या पट्ट्यातल्या चार्जिंगवरून काढलेल्या, दिसायला अतिशय सुसंगत असलेल्या आकड्यांच्या मालिकेबद्दल मला म्हणूनच शंका वाटते. दर वेळी हुबेहूब तेच उत्तर येत असेल, तर ते मोजमापाच्या अचूकतेचे लक्षण असेलच असे नाही.

अर्थात बीएमएस कायम अंधारात नसते. सेल विश्रांतीत असताना त्याचे व्होल्टेज चार्जच्या प्रमाणात बदलते आणि त्यावरून बीएमएस आपला हिशेब सुधारते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाच्या, म्हणजे एनएमसी सेलमध्ये हे व्होल्टेज भरलेल्या अवस्थेतल्या साधारण ४.२ व्होल्टपासून बऱ्यापैकी सरळ उतारावर खाली येत जाते, त्यामुळे कुठल्याही टप्प्यावर थोडा वेळ गाडी उभी राहिली की बीएमएसला आपण कुठे आहोत ते कळते. एलएफपीचे तसे नाही. त्याचा आलेख मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. ३० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान विश्रांतीचे व्होल्टेज ०.१ व्होल्टनेही बदलत नाही. त्यातच चार्ज करून थांबलेल्या आणि गाडी चालवून थांबलेल्या सेलचे व्होल्टेज एकाच टक्क्याला किंचित वेगळे असते. म्हणून एलएफपीच्या बीएमएसला खात्रीची ठिकाणे दोनच: वरचे टोक, जिथे सेलचे व्होल्टेज झपाट्याने ३.६५ च्या दिशेने चढते, आणि खालचे टोक, जिथे ते झपाट्याने कोसळू लागते. मधल्या सगळ्या प्रवासात ती बेरजेवर विसंबून असते आणि करंट मोजण्यातल्या बारीक चुका त्या बेरजेत साठत जातात. टेस्लाने एलएफपी बॅटरीच्या मॉडेल ३ च्या मालकांना आठवड्यातून निदान एकदा गाडी १०० टक्के चार्ज करायला सांगितले, त्यामागचे एक प्रमुख कारण हेच आहे.

या टोकांचा उपयोग आपल्यालाही करून घेता येतो. वरच्याच उदाहरणात गाडी खऱ्या २० टक्क्यांवर आहे आणि आपण ती पूर्ण भरतो आहोत असे धरा. प्रत्यक्ष ८८ अँपिअर-तासांची बॅटरी ७०.४ अँपिअर-तास घेऊन भरेल. बीएमएसच्या हिशेबाने मात्र तेवढ्याने टक्के ७४.६ नेच वाढले, म्हणजे पडदा ९४-९५ दाखवत असतानाच सेल ३.६५ व्होल्टला पोचतील आणि टक्के एकदम १०० वर उडी मारतील. ही उडी दिसली की समजावे, छेद चुकला होता आणि आता दुरुस्त झाला. ७०.४ ला ८० टक्क्यांनी भागले की ८८ मिळतात. याच्या उलट, गाडी ९९ वर तासभर अडकून राहिली तर हिशेब दुसऱ्या बाजूने सरकला होता. दोन्ही प्रसंगी माझा नियम असा की ते सत्र आरोग्याच्या गणितात घ्यायचे नाही, पण त्यानंतरचे सत्र जपून नोंदवायचे, कारण तेव्हा बीएमएसचे एक टोक तरी नुकतेच खुंटीला बांधलेले असते.

यावरून नोंदीची पद्धत आपोआप ठरते. मी आरोग्यासाठी रोजचे चार्जिंग मोजत नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा, आधीच्या दिवशी पूर्ण भरलेली गाडी चालवत चालवत १०-१२ टक्क्यांपर्यंत खाली आणतो, तासभर उभी ठेवतो आणि त्याच सॉकेटवर, रात्री उशिरा, व्होल्टेज स्थिर असताना, १०० टक्क्यांपर्यंत भरतो. यात छेद मोठा मिळतो, हाही फायदा आहे. पडदा टक्के पूर्णांकांत दाखवतो, म्हणजे प्रत्येक टोकाला अर्ध्या टक्क्याची अनिश्चितता असते. २० टक्क्यांच्या चार्जिंगमध्ये दोन्ही टोकांची मिळून ती ५ टक्के होऊ शकते, ७५ टक्क्यांच्या चार्जिंगमध्ये फक्त १.३. कामावरून परतल्यावर केलेल्या छोट्या टॉपअपवरून आरोग्य काढणे म्हणजे घरातल्या वजनकाट्यावर सोने तोलण्यासारखे आहे.

मीटरबद्दल थोडेसे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महावितरणचे वेगळे मीटर असेल तर उत्तमच; नसेल तर चार्जिंगच्या लाइनवर वर्ग १ चा, म्हणजे १ टक्क्याच्या मर्यादेत मोजणारा सबमीटर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. त्याची स्वतःची चूक आपल्या तुलनेत फारशी आड येत नाही, कारण ती दर वेळी जवळपास सारखीच असते.

शेवटच्या टप्प्यात एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. १०० टक्के दिसल्यानंतरही एलएफपी पॅक काही वेळ सेलची पातळी एकसारखी करत राहतो आणि थोडी वीज घेतो. या काळात अंश वाढतो, छेद वाढत नाही. म्हणून वाचन कधी घ्यायचे ते एकदा ठरवून टाकावे. मी चार्जिंग आपोआप थांबल्यावरचे घेतो, कारण मध्यरात्री उठून १०० चा क्षण गाठणे मला जमणारे नाही. काही महिन्यांच्या नोंदी जमल्यावर एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर वाढलेले टक्के आणि उभ्या अक्षावर युनिट घेऊन सरळ रेषा बसवली, तर पूर्ण भरलेल्या सत्रांसाठी हा शेवटचा जादा खर्च रेषेच्या छेदनबिंदूत वेगळा निघतो आणि रेषेच्या चढावरून दर टक्क्यामागची युनिट मिळतात. त्यासाठी सत्रांचे टक्के मात्र वेगवेगळे असावे लागतात.

आता मुख्य मुद्दा: मिळालेला आकडा कशाशी ताडायचा. माझे ठाम मत असे की कंपनीच्या पत्रकातल्या ३०.२ शी तो ताडूच नये. ३०.२ हा कोणत्या तापमानाला, कोणत्या करंटला आणि वरची-खालची राखीव क्षमता (गाडी वापरू देत नाही तो भाग) धरून की वगळून सांगितलेला आकडा आहे, हे आपल्या मोजमापाशी जुळत नाही. त्याऐवजी आपल्याच गाडीचा, आपल्याच मीटरवरचा, पहिल्या वर्षाचा आकडा पाया मानावा. सुरुवातीला भिंतीतून शंभर टक्क्यांना ३३.२ युनिट लागत होती आणि आता त्याच ऋतूत, त्याच पद्धतीने ३२.४ लागत असतील, तर क्षमता पहिल्याच्या ९७.६ टक्के उरली. या भागाकारात कार्यक्षमतेचा अंदाज लागत नाही, मीटरची कायमची चूक कटते, राखीव क्षमतेचा वादही येत नाही. वर सहा टक्क्यांनी हलणारे उत्तर इथे एक-दीड टक्क्यात बांधले जाते. अट एकच, की गाडी नवी असताना वही सुरू केलेली असावी. आणि नसेल तर आजपासून सुरू केलेलीही पुढच्या वर्षी उपयोगी पडतेच.

झीज दर वर्षी सारखी नसते, हेही वही वाचताना लक्षात ठेवावे. सेलमधल्या ग्रॅफाइटवर सुरुवातीच्या काळात एक पातळ थर जमतो आणि त्यात काही लिथियम कायमचे अडकते. हा थर वाढण्याचा वेग पुढे मंदावतो, म्हणून पहिल्या वर्षाची घट पुढच्या वर्षांपेक्षा जास्त दिसणे स्वाभाविक आहे. पहिल्या वर्षीची घट आठने गुणून वॉरंटीच्या अखेरचे चित्र रंगवण्यात अर्थ नाही. तापमान मात्र सतत महत्त्वाचे राहते. बॅटरी थंड ठेवण्याची स्वतंत्र व्यवस्था नसलेल्या पहिल्या निस्सान लीफ गाड्यांच्या मालकांना अमेरिकेच्या ॲरिझोनात २०१२ च्या सुमारास क्षमता वेगाने घटल्याचा अनुभव आला. लीफच्या पडद्यावर क्षमतेच्या १२ पट्ट्या असतात आणि पहिली पट्टी सुमारे १५ टक्के घट झाल्यावर जाते. त्यामुळे पट्टी जाईपर्यंत मालकाला काही कळत नसे आणि गेल्यावर एकदम धक्का बसे. त्यातूनच लीफच्या आतले आकडे वाचणारे लीफस्पाय हे ॲप मालकांमध्ये लोकप्रिय झाले.

ही माहिती मालकाला गाडीनेच द्यावी, असा विचार आता नियमांतही आला आहे. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचाने बॅटरीच्या टिकाऊपणाविषयी जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ मंजूर केला. त्यात प्रवासी गाड्यांसाठी ५ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के आणि ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के प्रमाणित ऊर्जा शिल्लक असावी, आणि हा आकडा गाडीतल्या पडताळणीयोग्य यंत्रणेने दाखवावा, असे म्हटले आहे. यातला ‘पडताळणीयोग्य’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण बीएमएसने स्वतःविषयी दिलेला दाखला प्रत्यक्ष गाड्या मोजून तपासला जाणार नसेल, तर आपण वर पाहिलेल्या चक्रातच फिरत राहू. माझ्या पहिल्या पिढीच्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीची वॉरंटीही ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशीच आहे. त्या मुदतीच्या जवळ पोचणाऱ्या मालकाने सर्व्हिस सेंटरमध्ये निदान यंत्रावरचा आकडा लेखी मागून घ्यावा आणि शेजारी आपली वही ठेवावी.

राहिला प्रश्न जुनी गाडी विकत घेणाऱ्याचा. त्याच्याकडे वही नसते आणि फार तर एक दुपार असते. त्याने गाडी २० टक्क्यांच्या खाली असताना डीसी चार्जरवर नेऊन शक्य तितकी वर भरावी, चार्जरने दिलेली युनिट वाढलेल्या टक्क्यांनी भागावी आणि मधल्या पट्ट्यात बीएमएस आपलीच समजूत परत ऐकवत असेल हे धरूनच त्या उत्तराकडे पाहावे. या पद्धतीने ९४ आणि ९१ मधला फरक सापडणार नाही. पॅकमध्ये काही मोठे बिघडले असेल तर ते बहुधा सापडेल. त्याहून उपयोगी काम म्हणजे विकणाऱ्याला त्याच्या फोनवरच्या चार्जिंग ॲपमधली जुनी सत्रे दाखवायला सांगणे. अनेक ॲपमध्ये प्रत्येक सत्राची युनिट आणि सुरुवातीचे व शेवटचे टक्के जपलेले असतात. नेहमीच्या एखाद्या चार्जरवर, साधारण त्याच महिन्यात, दोन वर्षांपूर्वी १५ ते ९० टक्के भरायला किती युनिट लागली आणि यंदा किती लागली, हे शेजारी शेजारी ठेवता आले तर किमतीची घासाघीस निदान एका खऱ्या आकड्यावर सुरू करता येते. सत्र १०० टक्क्यांपर्यंत गेलेले असेल तर आणखी चांगले.